३.३ व्होल्टचा हिशेब

पसरणीच्या घाटात गाडी उकळली तेव्हा पंखे फिरत होते. दोन्ही. बॉनेट उघडून मी आधी तेच बघितलं, कारण मागच्या दोन वर्षांत ज्याला ज्याला गाडीचं दुखणं सांगितलं त्यानं पहिला प्रश्न हाच विचारला होता, "पंखा फिरतोय का?" फिरत होता. रेडिएटरच्या झाकणाखालून वाफ फुसफुसत होती, बाजूच्या बारीक नळीतून हिरवट पाणी डांबरावर सांडत होतं, आणि वाफेच्या पडद्यामागे मोठा पंखा एका लयीत, काही झालंच नसल्यासारखा फिरत होता. वळणावर आम्हाला ओलांडून गेलेल्या एसटीतल्या मुलांनी हात हलवले. मागच्या सीटवर आई बसली होती, वय ८४. काच खाली करून ती म्हणाली, "तुझ्या अण्णांनी इथे कधी थांबवली नव्हती गं गाडी." त्यात तक्रार नव्हती, तिला आपलं आठवलं म्हणून ती बोलली. पण मला ते लागलं.

गाडी १९७७ची प्रीमियर पद्मिनी आहे. अण्णांनी नंबर लावला तेव्हा तिचं नाव प्रेसिडेंट होतं, दारात आली तेव्हा पद्मिनी झालेलं होतं. मूळ घराणं इटलीचं. तुरीनच्या फियाट कंपनीत दांते जाकोसा या इंजिनिअरच्या हाताखाली १९५३मध्ये नवी इलेव्हन-हंड्रेड तयार झाली, तिचीच ही कुर्ल्यात वाढलेली लेक. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांडीवरचा गिअर, पुढे अखंड बाकासारखी सीट. मेणवलीच्या रस्त्यावर, अण्णांच्या शेजारी बसून मी याच गाडीवर चालवायला शिकले. अण्णा गेल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, तूच ने," आणि मी ती वाईहून पुण्याला आणली.

अण्णांनी या गाडीची एक वही ठेवली होती. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, ऑइल, हवा, आणि शेवटचा रकाना 'पाणी'. मी ३४ वर्षं बँकेत काढली, त्यामुळे आठवणीपेक्षा नोंदीवर माझा विश्वास जास्त. पाचगणीहून परतल्यावर त्याच रात्री मी वही काढून बसले. वाईहून पाचगणी किंवा महाबळेश्वरच्या फेऱ्या सतरा, त्यातल्या अकरा एप्रिल-मेमधल्या. सतराही ओळींत 'पाणी'च्या रकान्यात आडवी रेघ. म्हणजे "जुनी गाडी आहे, घाटात तापायचीच" असं जे मला सगळे समजावत होते ते या गाडीपुरतं तरी खरं नव्हतं. गाडी हीच, घाट हाच, उन्हाळाही तसाच. मग मधे काय बदललं?

बदलला होता तो पंखा. मुळात या गाडीचा पंखा विजेचा नव्हताच. इंजिनच्या पुढच्या टोकाला एक पट्टा, तो डायनामोला आणि पाण्याच्या पंपाला फिरवायचा, आणि पंपाच्या पुलीवरच पंख्याची पाती. इंजिन जोरात तर पंखा जोरात, इंजिन मंद तर पंखा मंद. घाटात दुसऱ्या गिअरवर इंजिन घुमत असतं, तेव्हा पंखाही मन लावून हवा ओढत असतो. वहीतल्या त्या सतरा आडव्या रेघा त्यामुळेच. शहरात मात्र हेच उलटं पडतं. सिग्नलला गाडी उभी, समोरून वारा नाही, इंजिन मंद, म्हणून पंखाही मंद. नेमकी हवा हवी असते तेव्हाच ती मिळत नाही. अण्णांच्या वाईत सिग्नलच नव्हता. मी सिंहगड रस्त्यावर राहते.

विजेच्या पंख्याची कल्पना याच घराण्यातली आहे, हे मला फार आवडतं. इंजिन आडवं बसवलं की त्याचा पट्टा रेडिएटरकडे तोंड करत नाही, तिथे पट्ट्याचा पंखा बसवणं अवघड. जाकोसांच्याच १९६९च्या फियाट १२८मध्ये इंजिन आडवं होतं आणि रेडिएटरला विजेच्या मोटरचा पंखा, पाणी तापलं की तो आपोआप चालू करणारा स्विच. आपल्याकडे हा पंखा घरोघरी पोचला तो १९८३मध्ये आलेल्या मारुती ८००बरोबर. सिग्नलला उभं असताना बॉनेटखालून अचानक येणारी ती घूं आपल्या पिढीला पाठ आहे. सहा वर्षांपूर्वी माझ्या पद्मिनीच्या पुलीवरची पाती उतरवून मारुतीचाच पंखा रेडिएटरमागे बसवला, आणि पुढच्या उन्हाळ्यात रेडिएटरच्या पुढे एक छोटा पंखा. मागचा हवा ओढतो, पुढचा ढकलतो. रेडिएटरच्या तळाशी थर्मो स्विच. त्याच्या पितळी अंगावर ९२-८७ असं कोरलेलं आहे, म्हणजे पाणी ९२ अंशांना पोचलं की चालू, ८७वर उतरलं की बंद. आत दोन धातूंची एक चकती असते, तापली की टचकन उलटी वळते. एवढंच. डायनामो तर अण्णांनीच नव्वदच्या दशकात काढून अल्टरनेटर बसवला होता, नाहीतर पंख्यांचा भार त्याला झेपलाच नसता.

अशी चार वर्षं सुखाची गेली. नंतर गाडी तापायला लागली.

पुढच्या दोन वर्षांत काय काय केलं त्याची यादी मोठी आहे, भराभर सांगते. रेडिएटर उतरवून रॉडिंग केलं, म्हणजे आतल्या नळ्या सळईनं साफ करून घेतल्या. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारा थर्मोस्टॅट बदलला, मग एकानं तो काढूनच टाकला, मग मी नवा आणून परत बसवला. होज पाईप बदलले. झाकण बदललं. हा एक खर्च मात्र मला मुळीच वाया गेलेला वाटत नाही. पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळतं, पुण्यात साधारण ९८ला, आणि पाचगणीच्या तेराशे मीटरच्या आसपासच्या उंचीवर ९६ला. स्प्रिंगचं झाकण आत दाब धरून ठेवतं म्हणून ही मर्यादा वर सरकते, कूलंटनं आणखी थोडी. झाकणाचं रबर गेलं असेल तर ९२ला पंखा चालू होणार आणि ९६ला पाणी उकळणार, मधे उरतात चार अंश. झाकणाकडे कुणी बघत नाही, कारण ते झाकण असतं.

मग पंख्याची मोटर बदलली. वर्षभरानं परत बदलली. दुसऱ्या वेळी इलेक्ट्रिशियननं थर्मो स्विच बाजूला करून पंखे डायरेक्ट केले, किल्ली फिरवली की चालू, बंद केली की बंद. "आता तापणारच नाही," तो म्हणाला. तापत राहिली, आणि वर बॅटरी उतरायला लागली, म्हणून मी थर्मो स्विच परत जोडून घेतला. एकदा फ्यूज उडाला तर त्याच्या जागी मोठा फ्यूज टाकला गेला, तो मी घरी येऊन काढला. फ्यूज वायरीला जपण्यासाठी असतो. तिच्या ताकदीपेक्षा मोठा फ्यूज घातला की जळण्याची पाळी वायरीवर येते. एवढं मला तेव्हाही माहीत होतं. बाकीचं माहीत नव्हतं.

या सगळ्या माणसांनी प्रामाणिकपणे काम केलं, हे मला आवर्जून लिहायचं आहे. प्रत्येकानं पंख्याची वायर काढून टेस्ट लॅम्प लावला, तो पेटला. मीटर लावला, त्यानं १२.४ दाखवले. प्रत्येकानं पंखा चालू करून बघितला, तो फिरला. बंद पडलेली वस्तू शोधणं सोपं असतं. हा पंखा बंद पडलेला नव्हता, अर्धपोटी काम करत होता.

आणि गाडी आपल्या परीनं सांगत होती, ते मला नंतर उमगलं. हॉर्नचा आवाज बसला होता. अण्णांच्या काळी या गाडीचा हॉर्न गल्लीच्या तोंडाशी वाजला तरी परसात ऐकू यायचा. आता तो घसा बसल्यासारखा, आणि पंखे चालू असताना तर फारच केविलवाणा. मी म्हटलं, वय झालं. पंखे चालू झाले की इंडिकेटरची टिकटिक मंदावायची. पुढचा छोटा पंखा सुरू झाला की मागच्याचा आवाज खाली उतरायचा, जसं एका नळाला पाणी सोडलं की दुसऱ्याची धार बारीक होते. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे सकाळी सेल्फ मारताना चोकची दांडी, गार इंजिन चालू करताना ओढायची ती, बोटांना गरम लागायची. हे मी कुणाला सांगितलंच नाही. चोकचा आणि गाडी तापण्याचा काय संबंध, असं वाटलं.

पाचगणीच्या फजितीनंतर मी तिसरी मोटर आणायला नाना पेठेत गेले. तिथे जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकणारे एक चाचा आहेत. ३० ऑक्टोबर २०२३ला मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. पण ज्यांच्या घरी या गाड्या आहेत त्यांच्यासाठी चाचा अजूनही कुर्ल्याच्या भंगारातून वस्तू शोधून आणतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मोटरची पेटी परत फळीवर ठेवली.

"ताई, मोटर देतो, पैसेपण घेतो. पण हिचंही तेच होणार. आधी अर्थ बघा."

"चाचा, अर्थ बघितला त्यांनी. वायर घट्ट आहे म्हणाले."

"हातानं बघितला असेल. मीटरनं बघा. आणि पंखे चालवून बघा, बंद ठेवून नाही."

मोटरऐवजी मी चिमटे लावलेल्या दोन लांब वायरी घेऊन घरी आले.

ज्यांनी गाडीची वायरिंग कधी उघडून बघितली नाही त्यांच्यासाठी थोडं थांबते. घरात बल्बला दोन वायरी जातात. गाडीत बहुतेक ठिकाणी एकच जाते. बॅटरीच्या प्लसपासून निघालेली वायर फ्यूजमधून, मग रिलेमधून, म्हणजे थोड्या विजेच्या इशाऱ्यावर मोठी वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचमधून, मोटरपर्यंत पोचते. मोटरमधून वीज परत बॅटरीकडे यायला हवी, पण त्यासाठी वेगळी वायर ओढत नाहीत. मोटरची काळी वायर जवळच्याच पत्र्याला बोल्टनं आवळतात, आणि गाडीचं अख्खं अंग ही परतीची वाट होते. याला गॅरेजात अर्थ म्हणतात. जमिनीशी त्याचा काही संबंध नाही, गाडी तर रबराच्या चाकांवर उभी असते.

आता मीटरची गोष्ट. मल्टिमीटर व्होल्ट मोजताना स्वतः जवळजवळ काहीच वीज खात नाही. त्यामुळे वायरीतली सगळी तार तुटून केसाएवढा एक धागा उरला असेल तरी मीटर पूर्ण १२ दाखवतो. त्याला तेवढा धागा पुरतो. टेस्ट लॅम्पचा छोटा बल्बही थोड्यात भागतो. मोठ्या पंख्याला मात्र ७-८ अँपिअर लागतात, त्याचं त्या धाग्यावर भागत नाही. म्हणून वायर सुटी करून मोजलेले व्होल्ट आणि मोटर ओढत असताना मोजलेले व्होल्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाचांनी सांगितलं ते हेच.

रविवारी सकाळी ओढणी कमरेला घट्ट खोचून मी बॉनेट उघडलं. थर्मो स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या की रिले टक्क करतो आणि पंखे लगेच चालू होतात, पाणी तापायची वाट बघावी लागत नाही. इंजिन चालू, दोन्ही पंखे चालू. मीटर आधी बॅटरीच्या दोन टोकांवर ठेवला, १२.९. मग मोठ्या पंख्याच्या मोटरच्याच दोन टोकांवर, ९.६.

मी ते दोन आकडे वहीत लिहिले, खाली रेघ ओढली आणि वजाबाकी केली. ३.३.

ज्यांनी बँकेत काम केलंय त्यांना कळेल, त्या क्षणी मला काय वाटलं. संध्याकाळी कॅश जुळली नाही तर घरी जायचं नसतं. फरक किती आहे हे कळलं की निम्मं काम झालेलं असतं, कारण पैसे हवेत विरत नाहीत, कुठल्या तरी व्हाउचरवर, कुठल्या तरी खात्यात ते बसलेले असतात. व्होल्टचंही तसंच आहे. किर्कहॉफ या जर्मन शास्त्रज्ञानं १८४५मध्ये नियमच घालून दिला आहे, की बॅटरीपासून निघून परत बॅटरीपर्यंत येईतो वाटेत जेवढे व्होल्ट खर्च होतात त्यांची बेरीज बॅटरीच्या व्होल्टशी जुळलीच पाहिजे. मोटरला ९.६ मिळाले. उरलेले ३.३ वाटेत कुणीतरी खाल्ले होते. दोन वर्षं मी मोटर, रेडिएटर, थर्मोस्टॅट असे सगळे संशयित तपासले होते, फरक मात्र कधी काढलाच नव्हता.

आता खतावणी. चाचांच्या लांब वायरींनी मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं मोटरच्या प्लसला. ही जायची वाट. मधे काहीच अडथळा नसेल तर मीटरनं शून्याजवळ दाखवायला हवं. त्यानं ०.७ दाखवले. तुकडे करून मोजलं, ०.४ रिलेत, ०.२ फ्यूजच्या घरात, ०.१ वायरीत. रिलेच्या ३० आणि ८७ या दोन पिनांमधले संपर्क काळवंडलेले होते. हे फार नाही, पण बरंही नाही. मग एक टोक मोटरच्या काळ्या वायरीला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. परतीची वाट. २.६.

०.७ आणि २.६, ३.३. जुळलं.

मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. मग छोट्या पंख्याची वायर काढली, २.६चे १.६ झाले. परत जोडली, २.६. शेजारच्या मुलाला हॉर्न दाबायला सांगितलं, ३.४. म्हणजे मोठा पंखा, छोटा पंखा आणि हॉर्न, तिघांची परतीची वाट एकाच अरुंद दारातून जात होती आणि तिथे दाटी होत होती. काळ्या वायरीचा माग काढत गेले तर हेडलाइटच्या मागच्या पत्र्यावर एकच बोल्ट, त्यावर तीन थिंबल, वायरींच्या टोकांच्या धातूच्या कड्या, एकावर एक. वायर घट्ट होती, सगळ्यांनी सांगितलं होतं तशी. मी बोल्टला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. चटका बसला. १३ अँपिअर आणि २.६ व्होल्ट यांचा गुणाकार होतो ३४ वॉट. सोल्डरिंग आयर्न तेवढंच असतं. रेडिएटर गार करायला निघालेली वीज इथे एक बोल्ट तापवत बसली होती.

चाचांच्या वायरींपैकी एक घेतली, एक चिमटा मोटरच्या काळ्या वायरीला, दुसरा थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. पंख्याचा आवाज क्षणात चढला. कसा सांगू, तंबोऱ्याची तार पिळताना स्वर वर सरकतो ना, तसा. अंगणात पडलेली वाळकी पानं गाडीखालून मागे उडाली. दोन वर्षं मी जो ऐकत होते तो या पंख्याचा आवाज नव्हताच. मी आत जाऊन कॅलेंडरचं जुनं पान आणलं आणि समोरून रेडिएटरच्या मोकळ्या भागावर धरलं. ते चिकटून बसलं. चिमटा काढला, आवाज उतरला, पान हळूच घसरून खाली आलं. चिमटा लावला, पान चिकटलं. हे मी किती वेळा केलं ते आठवत नाही. शेजारचा मुलगा कंटाळून निघून गेला.

पंख्याचा वेग तीस टक्क्यांनी उतरला तर हवाही तेवढीच कमी होते, पण त्या हवेमागची ताकद तिसऱ्या हिश्शावर येते, कारण ती वेगाच्या घनानं बदलते. आणि डोळ्यांना तो फरक दिसत नाही. फिरणारी पाती आपल्याला नुसतं एक राखी वर्तुळ दिसतात, जोरात असोत की मंद. म्हणून तर सगळ्यांनी बघितलं आणि सगळे म्हणाले, फिरतोय की.

बोल्ट खोलला. थिंबलखाली काय होतं? रंग. सुंदर, गुळगुळीत, फिकट निळा रंग.

तो रंग मीच लावून घेतला होता. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात गाडी पूर्ण उघडून, इंजिन उतरवून, मूळ रंगाशी जुळवून. अण्णांच्या श्राद्धाला गाडी वाईला न्यायची होती, ती पहिल्यासारखी दिसावी असं वाटत होतं. पेंटरनं मन लावून काम केलं, बॉनेटखालचा एकेक कोपरा रंगवला, बोल्ट काढून त्याखालचा पत्रासुद्धा. मग वायरी परत आवळल्या, रंगावर. रंगातून वीज जात नाही. ती कशीबशी बोल्टच्या आट्यांमधून वाट काढत होती, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर त्या आट्याही गंजल्या. मी वही उघडली. गाडी माझ्याकडे आल्यापासून मीही नोंदी करते, अण्णांच्याच रकान्यांत. रंगकाम १९ डिसेंबर. पाणी घातल्याची पहिली नोंद पुढच्या ६ एप्रिलची. मधे थंडी होती म्हणून चार महिने काही कळलं नाही, आणि चार महिन्यांनी कुणाला रंग आठवणार? दोन्ही नोंदी एकाच पानावर होत्या.

पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत होईतो घासला. घासताना जिवावर आलं, खरं सांगते, तो रंग बघून मी किती हरखले होते. तीन थिंबल नवे, तीन बोल्ट वेगवेगळे, खाली दातेरी वॉशर, वर पेट्रोलियम जेली. शिवाय दोन्ही पंख्यांसाठी एक जाड काळी वायर थेट बॅटरीपर्यंत. रिले नवा. परतीच्या वाटेवर आता ०.०८.

पण बॅटरीवर अजूनही १२.९च होते. चालू इंजिनवर ते १४च्या आसपास हवेत. फरक पुन्हा निघाला, म्हणून पुन्हा खतावणी. मीटर अल्टरनेटरच्याच टोकावर आणि त्याच्याच अंगावर ठेवला, १४.२. म्हणजे तो पुरेसं देत होता. बॅटरीपर्यंत पोचताना १.३ गळत होते. प्लसच्या बाजूला ०.२. इंजिनचं अंग ते बॅटरीचं निगेटिव्ह, १.१. इथे दुसरा चोर सापडला. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे गाडीच्या अंगापासून ते तुटलेलं असतं. दोघांना जोडते तांब्याच्या विणलेल्या तारांची एक पट्टी. रंगकामात इंजिन उतरवलं तेव्हा ती सोडली, आणि परत लावताना तिचंही एक टोक ताज्या रंगावर बसलं.

आणि चोकची दांडी! सेल्फ मारताना १००हून जास्त अँपिअर इंजिनमधून परत बॅटरीकडे येऊ बघतात. त्यांची हक्काची वाट बंद, तेव्हा इंजिनला आणि डॅशबोर्डला जोडणारी जी काही लोखंडी तार सापडेल तिच्यातून ते धावतात. चोकची केबल कार्ब्युरेटरपासून निघून डॅशबोर्डपर्यंत येते. माझ्या बोटांना लागत होती ती उब त्या विजेची होती. आणखी वर्षभर तशीच चालवली असती तर ती केबल लाल होऊन शेजारची वायरिंग पेटली असती. हे लिहितानाही माझ्या अंगावर काटा येतो, कारण त्या गाडीत मी आईला बसवत होते. जुनी गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला मला हे सांगायचं आहे. सेल्फ मारताना चोकची किंवा ॲक्सिलरेटरची केबल गरम लागली तर त्याच दिवशी इंजिनची अर्थ पट्टी बघा. दुसऱ्या दिवशी नाही.

पट्टी नवी घातली, दोन्ही टोकांना उघडा पत्रा. बॅटरी १३.९. मोटरवर १३.५. आकडे वहीत उतरवले. चाचांना फोन केला, त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "मोटर कुठली, जुनीच ना?" जुनीच.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात वाईला निघाले, एकटीच. मुद्दाम दुपारी. खंबाटकीचा घाट ट्रकांच्या मागे, दुसऱ्या गिअरवर. काटा मधल्या खुणेच्या जरा वर गेला, पंख्यांचा आवाज आला, नवा, चढा आवाज, आणि दोन वळणांत काटा खाली आला. परत चढला, परत उतरला. मी रेडिओ लावला नव्हता. घाटमाथ्यावर थांबले, थांबायची गरज नव्हती तरी. बॉनेटखाली पंखे थोडा वेळ चालले आणि आपोआप बंद झाले.

वाईत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक आंधळं वळण आहे. तिथे अण्णा नेहमी दोनदा हॉर्न द्यायचे, एक लांब, एक तोकडा. मी सवयीनं दिला. बंद काचांतूनसुद्धा तो असा खणखणीत वाजला की कोपऱ्यावरच्या दुकानदारानं मान वर केली. हॉर्नची काळी वायर त्या तीन थिंबलांपैकीच एक होती, हे मी विसरूनच गेले होते.

आई दारात उभी होती. बिनकाठीची, एक हात चौकटीला. मी येणार हे तिला माहीत नव्हतं, कळवलंच नव्हतं. मी गाडी बंद करून काच खाली केली.

"दूध तापत ठेवलंय," ती म्हणाली. "हॉर्न ऐकला."